जेवणाच्या मेजावरचा कारखाना

१९५९ सालच्या मार्च महिन्यात गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. लिज्जत पापडाची ही जन्मकथा आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की, सत्यनारायणाच्या पोथीतल्या अध्यायासारखी ती आता घरोघरी तोंडपाठ आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, इंग्लंडातल्या बकिंगहॅमशायर परगण्यात, चेशम गावाजवळच्या एका लहानशा घरात, तिशीच्या उंबरठ्यावर आलेली एक बाई जेवणाच्या मेजावर कागद पसरून बसली. तिचे भांडवल होते ६ पौंड. आता हिशेब करा. त्या काळी रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे ६ पौंडांचे १२० शिलिंग. त्यांना दीडने भागा. बरोबर ८० रुपये!

हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण मास्तरकी करणाऱ्या माणसाला असा बिनबाकीचा भागाकार सापडला की, तो फळ्यावर मांडल्यावाचून त्याला राहवत नाही. शिवाय गिरगावच्या गच्चीची कथा आपण आवडीने सांगतो, आणि चेशमच्या मेजाची मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर आलेली असते. आज आपल्या ओळखीतल्या कोणा ना कोणा घरात लेक किंवा सून मांडीवर संगणक घेऊन घरबसल्या चार पैसे मिळवते आहे. तिच्या या उद्योगाची एक पणजी चेशमला होऊन गेली, एवढे तरी तिला कळायला हवे.

पापड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, तळला की फुलतो. चेशमच्या बाई जे विकू पाहत होत्या ते कोणाला दिसतच नव्हते. त्या प्रोग्रॅम विकत होत्या. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने एकामागून एक काय काय करावयाचे त्याची लेखी आज्ञावली. नव्या सुनेला सासूबाई सांगतात, 'डाळ घे, निवड, धू आणि शिजत घाल,' तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की सुनेला स्वतःची अक्कल असते, यंत्राला ती नसते. 'धू' म्हटल्यावर पाणी कोठले घ्यावयाचे, किती वेळा धुवावयाचे आणि कधी थांबावयाचे हे जर सांगितले नाही, तर यंत्र बापडे जन्मभर डाळ धूतच बसेल. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी सगळे काम मनात करून पाहावे लागते, अगदी बारीकसारीक तपशिलासह. हे लिखाण त्या काळी यंत्राबरोबर फुकट मिळत असे. वाण्याकडून वर्षभर किराणा नेणाऱ्याला दिवाळीला कॅलेंडर मिळावे तसे. आय. बी. एम. सारख्या बलाढ्य कंपनीनेदेखील आज्ञावलीची किंमत यंत्रापासून वेगळी लावण्याचे जाहीर केले ते १९६९ मध्ये. त्याच्या सात वर्षे आधी एक बाई घरात बसून केवळ आज्ञावल्या विकायला निघाली, तेव्हा लोक हसले यात नवल नाही. नवल आहे ते पुढे जे घडले त्यात.

या बाईंचे नाव स्टेफनी शर्ली. जन्माचे नाव वेगळेच होते. १९३३ साली जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात एका ज्यू न्यायाधीशाच्या घरी व्हेरा बुख्टाल नावाची मुलगी जन्मली. हिटलरच्या राज्यात वडिलांची नोकरी गेली, कुटुंब व्हिएन्नाला आले आणि तेथेही वणवा पाठोपाठ आलाच. युद्धाच्या आधीच्या काही महिन्यांत सुमारे १०,००० मुलांना, बहुतेक ज्यूंच्याच, आईबापांपासून सोडवून इंग्लंडला नेण्यात आले. १९३९ च्या जुलै महिन्यात पाच वर्षांची व्हेरा आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीचा हात धरून अशाच एका आगगाडीने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर उतरली. बर्मिंगहॅमजवळच्या एका जोडप्याने दोघींना सांभाळले. पुढे आईबापांची भेट झाली खरी, पण तुटलेला धागा नीट जुळला नाही. आपला जीव कोणीतरी वाचवला आहे, तेव्हा तो वाया घालवावयाचा नाही, असे त्या मुलीने मनाशी बांधले, आणि ही गोष्ट त्या म्हातारपणापर्यंत सांगत राहिल्या.

मुलीला गणिताचे वेड. मुलींच्या शाळेत गणित शिकवण्याची सोय नाही, म्हणून खास परवानगी काढून ती शेजारच्या मुलांच्या शाळेत त्या तासापुरती जाऊन बसे. अठराव्या वर्षी ब्रिटिश नागरिकत्व आले आणि नावही नवे आले. महाविद्यालयात जाण्याइतका पैसा नव्हता. म्हणून १९५१ च्या सुमारास ती पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात नोकरीस लागली, आणि दिवसा काम व रात्री वर्ग अशी सहा वर्षे काढून तिने गणिताची पदवी मिळविली. याच केंद्रात युद्धकाळात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारे 'कलॉसस' यंत्र तयार झाले होते. पण ते गुपित इतके कडेकोट होते की, बाहेरच्या जगाला त्याची गोष्ट १९७० नंतर कळली. अशा जागी संगणक सुटा सुटा जोडायला आणि यंत्राच्या भाषेत आज्ञा लिहायला ही मुलगी शिकली.

सरकारी नोकरीत त्या वेळी पुरुषांची वेतनश्रेणी वेगळी आणि बायकांची वेगळी असे. सारख्या कामाला सारखे वेतन हे तत्त्व ब्रिटिश सरकारने १९५५ मध्ये मान्य केले, पण द्यावयाचे ठरविले ते हप्त्याहप्त्याने; शेवटचा हप्ता १९६१ ला फिटला. १९५९ मध्ये तिने डेरेक शर्ली या पदार्थवैज्ञानिकाशी लग्न केले आणि संगणक बनविणाऱ्या एका लहान कंपनीत ती गेली. तेथे काम मनासारखे होते, परंतु वर चढण्याची शिडी दोन पायऱ्यांवर संपत होती. आणि मूल झाले की घरी बसावयाचे, हा तर इंग्लंडातला अलिखित दंडक होता. सरकारी खात्यांत लग्न झालेल्या बाईला नोकरी सोडावी लागण्याचा नियम १९४६ मध्ये उठला, तरी नियम उठला म्हणून रीत उठते असे नाही. आपल्याकडेही तो अनुभव आहेच.

श्रेयाची वाटणी करताना येथे अमेरिकेतल्या एल्सी शट या बाईंचे नाव घेतले पाहिजे. त्याही गणिताच्याच. १९५३ मध्ये त्या आज्ञावली लिहिण्याचे काम शिकल्या, पुढे रेथिऑन कंपनीत लागल्या. आणि १९५७ च्या सुमारास दिवस गेल्यामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. घरी बसून त्यांनी तेच काम सुटे घ्यावयास सुरुवात केली, आपल्यासारख्या आणखी आयांना जोडून घेतले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यात 'कॉम्प्युटेशन्स' नावाची संस्था उभी केली. १९६३ मध्ये तिकडच्या एका व्यापारी साप्ताहिकाने या गर्भार गणितज्ञांवर कौतुकाचा लेखही छापला. म्हणजे एकाच गरजेतून, महासागराच्या दोन काठांवर, एकाच सुमारास एकच युक्ती निघाली. युक्ती साधीच: ज्यांना घडविण्यात कंपन्यांनी पैसा ओतला त्या बायका केवळ पाळणा हलला म्हणून घरी बसल्या आहेत, आणि आज्ञावली लिहिणारी माणसे मिळत नाहीत म्हणून त्याच कंपन्या कपाळाला हात लावून बसल्या आहेत. या दोघींची गाठ घालून द्यावयाची.

आता वाचकांना प्रश्न पडेल की, त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरणारे धूड. ते घरी कोठून आले? तर ते आलेच नाही. या बायकांच्या घरात संगणक नव्हता. त्यांना लागत होती पेन्सिल, रबर, चौकटी आखलेले कागद आणि टेलिफोन. टेलिफोन ही मात्र अट होती, कारण इंग्लंडातही तेव्हा तो घरोघर आलेला नव्हता. काम असे चाले: गिऱ्हाईक कंपनीला काय हवे ते कोणी एकीने जाऊन समजून घ्यावयाचे. मग कामाचा ओघ दाखविणारी आकृती काढावयाची. येथे प्रश्न, येथे उत्तर 'होय' असेल तर ही वाट, 'नाही' असेल तर ती. मग त्या आकृतीवरून एकेका चौकटीत एकेक अक्षर भरीत आज्ञा लिहून काढावयाच्या. ते कागद टपालाने जावयाचे. दुसरीकडे त्यांवरून पत्त्यांना किंवा कागदी फितीला भोके पाडली जावयाची. आणि मग ती भोके एखाद्या भाड्याने घेतलेल्या यंत्राला, बहुधा रात्रीच्या स्वस्त वेळी, चारली जावयाची. यंत्राने जे छापून ओकले असेल ते रुंद कागदांचे बाड टपालाने परत घरी! त्यात एका स्वल्पविरामाची चूक सापडली, की पुन्हा पहिल्यापासून फेरा.

या संथ फेऱ्याचा एक गुण होता. चूक दुरुस्त करावयाला इतके दिवस लागत असल्याने लिहिणारी बाई कागद टपालात टाकण्याआधी दहादा तपासून पाही. मूल झोपले की मेजावर बसावयाचे, यंत्र होऊन एकेक आज्ञा मनात पाळावयाची आणि आकडा कोठे घसरतो ते हेरावयाचे. ज्या विणकाम करणाऱ्या बायका टाका चुकला की नजरेनेच ओळखतात, त्यांना या कामाचे मर्म मी अधिक काय सांगावे? यंत्रावरचा वेळ महाग आणि बाईचा घरातला वेळ स्वस्त धरलेला, हेही त्यात होते. ते विसरून चालणार नाही.

संस्थेचे नाव बाईंनी ठेवले 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स', म्हणजे सुटे काम घेणारे आज्ञावलीकार. नाव ठेवणे सोपे. काम मिळविणे कठीण. शर्लीबाईंनी कंपन्यांना पत्रामागून पत्रे लिहिली, खाली 'स्टेफनी शर्ली' अशी सही केली आणि उत्तरे आली नाहीत. तेव्हा नवऱ्याने सुचविले की, सही 'स्टीव्ह' अशी करून पाहा. स्टीव्ह हे पुरुषाचे नाव. पण स्टेफनीचेही ते घरगुती रूप म्हणून खपून जाण्याजोगे. पत्रे तीच, मजकूर तोच, आणि आता उत्तरे येऊ लागली! भेटीला गेल्यावर दारात बाई उभी पाहून साहेब चपापत. पण तोवर वेळ ठरलेली असे, आणि इंग्रज माणूस आलेल्याला खुर्ची दिल्यावाचून राहत नाही. जन्मभर मग त्यांचे व्यवहारातले नाव स्टीव्हच राहिले.

मराठी वाचकाला या ठिकाणी दुसऱ्या एका टोपणनावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्या १९३३ मध्ये व्हेरा जन्मली, त्याच साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि ही बाई कोण, की बाईच नव्हे, यावर महाराष्ट्रात रण माजले. शिकलेल्या, मिळवत्या आणि मिळवत्या असूनही कोंडलेल्या मुलींचे मन त्या कथांत होते. मालतीबाई बेडेकरांना खरे बोलण्यासाठी खोटे नाव घ्यावे लागले. शर्लीबाईंना खरे काम मिळविण्यासाठी. बँकेत खाते उघडावयाचे तर नवऱ्याची परवानगी लागे, असेही शर्लीबाईंनी सांगून ठेवले आहे. दुसऱ्यांच्या हजारो पौंडांचे हिशेब यंत्राकडून करून घेणारी बाई, आणि तिला स्वतःच्या ६ पौंडांसाठी हमी हवी!

टेलिफोनची तर निराळीच गंमत. गिऱ्हाइकाचा फोन यावयाचा आणि नेमके तेव्हाच पाळण्यातून टाहो फुटावयाचा. त्यावर उपाय म्हणून बाईंनी टंकयंत्राच्या खडखडाटाची एक फीत मुद्रित करून ठेवली होती. फोन वाजला की ती लावावयाची. पलीकडच्याला वाटे, काय मोठी कचेरी आहे! वाचून हसू येते. पण हसून झाल्यावर मला त्यात थोडे वाईटही वाटते. काम उत्तम होत होते, वेळेवर होत होते, आणि तरी ते जेथे होत होते ती जागा लपवावी लागत होती. मुलाचा आवाज ऐकू आला असता तर कामाची किंमत उतरली असती. टंकयंत्राचा आवाज खोटा असला तरी प्रतिष्ठित होता.

१९६४ मध्ये संस्था मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. वर्तमानपत्रांतून या घरबशा गणितिणींबद्दल लिहून आले आणि घरोघरच्या बायकांची पत्रे येऊ लागली. कामेही वाढली. रेल्वेच्या मालगाड्यांची वेळापत्रके, साखर कंपनीच्या वाहतुकीची आखणी, अशी ती कामे. पण सगळ्यांत गाजले ते कॉन्कॉर्डचे. ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने उडणारे ते इंग्लंड-फ्रान्सचे विमान. त्यात उड्डाणाची बित्तंबातमी टिपून ठेवणारी जी पेटी असते, तिच्यासंबंधीच्या आज्ञावलीचे काम या कंपनीकडे आले. ते करणाऱ्या गटाच्या प्रमुख ॲन मॉफॅट यांचे १९६६ चे एक छायाचित्र आहे. त्या स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसून लिहीत आहेत आणि जवळ तान्हे मूल आहे. त्या विमानाच्या पोटातल्या पेटीची भाषा अशा मेजांवर लिहिली गेली, हे त्यात बसून अटलांटिक ओलांडणाऱ्या धनिकांच्या गावीही नसेल.

शर्लीबाईंचे खरे कसब मला दिसते ते कामाच्या करारात. गिऱ्हाईक विचारी, तुमच्या बायका किती तास काम करतात ते आम्हाला कसे कळणार? तासांचा हिशेब घरात कोण ठेवणार? कोणी पहाटे दोन तास बसते, कोणी दुपारी मूल शाळेत असताना, कोणी रात्री निजानीज झाल्यावर. म्हणून बाईंनी तासांची भाषाच सोडली. एवढे काम, एवढी किंमत, या तारखेला तयार. आमच्या तासांशी तुम्हाला कर्तव्य नाही. आज हे साधे वाटेल. तेव्हा आज्ञावलीच्या धंद्यात ही रीत नवी होती आणि धोक्याची होती, कारण अंदाज चुकला तर तोटा आपल्याच पदरी. तो चुकू नये म्हणून प्रत्येक पायरी लेखी ठेवावयाची शिस्त आली. एकीचे मूल गोवराने आजारी पडले तर तिचे कागद दुसरीने उचलून, विचारावे न लागता, पुढे चालवावे, इतके ते स्वच्छ असावेत. एका छपराखाली बसणाऱ्या पुरुषांना अशा शिस्तीची गरज भासली नव्हती; ते आपले उठून शेजारच्याला विचारीत. तीस गावांत विखुरलेल्या बायकांना ती भासली, आणि त्यांचे हे नियम पुढे मोठमोठ्या संस्थांनी उचलले.

हे सगळे सोन्याच्या धाग्याचे होते असे मात्र कोणी समजू नये. काम असेल तर पैसे. नसेल तर नाहीत. १९७० च्या सुमारास इंग्लंडात मंदी आली तेव्हा कंपनी बुडता बुडता वाचली, आणि अशा वेळी पहिली झळ सुट्या काम करणारीलाच लागते. तिला पगारी रजा नाही, निवृत्तीची तरतूद नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या बायका कोऱ्या पाटीने आलेल्या नव्हत्या. आधी कोठेतरी नोकरी करून, कंपनीच्या खर्चाने त्या हे काम शिकल्या होत्या. अनुभव असल्याशिवाय शर्लीबाईही घेत नसत. घरात बहुधा नवऱ्याचा महिन्याचा पगार येत होता, म्हणून मधले रिकामे महिने सोसवत होते. विधवेला किंवा एकट्या बाईला हा मार्ग तितका मोकळा नव्हता. गिरगावच्या गच्चीवर लाटणे हाती घ्यायला प्रमाणपत्र लागत नव्हते. चेशमच्या मेजाशी बसायला गणित लागत होते.

त्याच काळात आपल्याकडे संगणकाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच तज्ज्ञांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६२ मध्ये, म्हणजे चेशमचे मेज मांडले गेले त्याच साली, पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पण शास्त्रज्ञांच्या त्या दालनाबाहेर संगणक म्हणजे पोटावर पाय आणणारा राक्षस अशीच समजूत होती. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध मोठे लढे दिले. कलकत्त्याला तर यंत्र इमारतीत शिरू नये म्हणून पहारे बसविले. त्यांना हसण्याचे कारण नाही. शंभर कारकुनांचे काम एक यंत्र करणार, हे त्यांना दिसत होते आणि ते खोटे नव्हते. त्या यंत्राला आज्ञा लिहून देणारे हात लागतील आणि ते कोठल्याही घरातले असू शकतील, हे मात्र त्या वेळी आपल्याकडे कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते.

शर्लीबाईंच्या घरातली गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे. १९६३ मध्ये त्यांना मुलगा झाला, जाइल्स. गोंडस, शांत. अडीच वर्षांचा होईतो तो बोलू लागला होता. मग बोलणे थांबले आणि पुन्हा कधी आले नाही. त्याला स्वमग्नतेचा विकार होता, तोही तीव्र. पुढे वाढत्या वयात तो अनावर होऊ लागला. घरून काम करण्याची सोय ज्या बाईने शेकडो जणींना करून दिली, तिला स्वतःला घरातले हे काम एक क्षण सोडता येत नव्हते. कंपनीच्या पत्रांवर सही करणारे स्टीव्हसाहेब रात्र रात्र जागून सकाळी पुन्हा गिऱ्हाइकाकडे वेळेवर हजर होत. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास त्या खचल्या, इस्पितळात राहाव्या लागल्या, आणि मुलालाही दीर्घकाळ इस्पितळात ठेवावे लागले. स्वतंत्रपणे पोट भरणे म्हणताना आपण कमाईचा आकडा पाहतो. मूल कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मात्र त्या आकड्यात कोठेच बसत नाही.

१९७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने नोकरीत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी घालणारा कायदा केला. कायदा बायकांच्या हिताचा. त्याने पहिली अडचण केली ती बायकांच्याच या कंपनीची! सुरुवातीच्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. आता केवळ बाई म्हणून काम देणे बेकायदा ठरले आणि पुरुषांनाही दार उघडावे लागले. माझ्या मते यात कायद्याचेही काही चुकले नाही आणि बाईंचेही नाही. पण घरून काम करावेसे वाटणारे पुरुषही होतेच, हे या निमित्ताने उजेडात आले.

पुढचा इतिहास व्यापारी आहे. तो भराभर सांगतो. १९७४ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'एफ इंटरनॅशनल' झाले, पुढे 'एफ. आय. ग्रुप'. ऐंशीच्या दशकापासून बाईंनी आपले भाग काम करणाऱ्यांना देण्यास आरंभ केला, आणि १९९६ मध्ये कंपनी लंडनच्या शेअरबाजारात गेली तेव्हा त्यांतले सुमारे ७० जण लक्षाधीश झाले. आणि ते लक्ष पौंडांचे, दहा लाखांवरचे. स्वतः बाई १९९३ मध्ये निवृत्त झाल्या होत्या. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीने दिल्लीजवळच्या नोएडातली एक आज्ञावली कंपनी विकत घेतली आणि हजारो भारतीय तरुण-तरुणी तिच्या पगारपटावर आल्या. बायकांना कचेरीत यावे लागू नये म्हणून जी संस्था निघाली, तिच्या नावाने नोएडात सकाळी कचेरीच्या दारात माणसांची रीघ लागू लागली! नंतर तिचे नाव 'झान्सा' झाले आणि २००७ मध्ये एका फ्रेंच कंपनीने तिला पोटात घेतले.

मांडीवर संगणक घेऊन बसलेली आपली लेक आता टपालाची वाट पाहत नाही. चूक झाली तर यंत्र तिला क्षणात सांगते. गिऱ्हाईक न्यूझीलंडचे असले तरी पैसे खात्यात येतात, आणि खाते तिच्या एकटीच्या नावावर असते. २०२० च्या टाळेबंदीत तर बड्या बड्या साहेबांची मुले कामाच्या बैठकीत पडद्यावर डोकावून गेली आणि कोणी टंकयंत्राची फीत लावली नाही. परंतु पुढच्या महिन्यात काम असेल का, हा प्रश्न तिला पडतोच. 'घरीच तर असतेस' हे वाक्य तिला ऐकावे लागतेच. भाव ठरविताना तासांवर ठरवावा की कामावर, हा शर्लीबाईंचा प्रश्नही जसाच्या तसा तिच्यापुढे आहे, आणि तासांवर ठरविणाऱ्या मुली आपल्या झटपट हातांचा दंड स्वतःच भरतात, असे मला वाटते. कारण जो लवकर संपवतो त्याला कमी मिळते.

शर्लीबाईंनी मिळविलेला पैसा बहुतांशी वाटून टाकला. त्यातला मोठा भाग स्वमग्न मुलामाणसांसाठी गेला. १९९४ मध्ये त्यांनी अशा प्रौढांना इस्पितळाबाहेर, घरासारख्या घरात राहता यावे म्हणून एक संस्था काढली. तिच्या पहिल्या घरात राहावयास आलेला पहिला माणूस जाइल्स होता. १९९८ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. पुढच्याच वर्षी बाईंनी स्वमग्न मुलांसाठी प्रायर्स कोर्ट ही शाळा सुरू केली. २००० मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या. तोवर त्यांना ओळखणारी माणसे त्यांना स्टीव्हच म्हणत होती.